पडक्या वाड्यांचं कौतुक कुणाला?

सध्या एक नवंच खूळ निघालंय. सुट्टी जोडून आली की गाडी काढायची, मालवण गाठायचं. पडका वाडा, कुलूप लागलेलं जुनं घर, ओसाड बुरुज दिसला की त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायचे आणि म्हणायचं, ‘काय ते वैभव होतं!’ आपली पोरंही यात मागं नाहीत. वरळीची, नायगावची, चेंबूरची. जायला माझी ना नाही. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेनंतर बाबासाहेबही रायगडावर गेले होते. पण ‘वैभव होतं’ म्हणताना ते कुणाचं होतं, एवढं तरी विचाराल की नाही?

सिंधुदुर्ग घ्या. १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू झालं. हिरोजी इंदुलकरांचं नाव इतिहासात राहिलं. पाया घालणारे, चिरे वाहणारे, समुद्रात उभं राहून तट रचणारे हजारो हात, त्यांतलं एक नाव सांगा. नाही सांगता येत. गडांच्या घेऱ्यात राखणीला महार, मांग, रामोशी, बेरड असायचे, हे इतिहासवालेच लिहितात. पण होडीतून उतरल्यावर मिळणारा गाईड आपल्याला दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवतो आणि भोवती खारा समुद्र असून या तीन विहिरींचं पाणी गोड कसं, हा चमत्कार रंगवून सांगतो. मला त्या विहिरींवर वाकल्यावर एकच सवाल आठवतो: हे गोड पाणी काढायची मुभा कुणाकुणाला होती? चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. त्यांच्या नातवंडांना हा सवाल पडू नये?

आणि या सरकारी गडप्रेमाचं काय सांगावं! ४ डिसेंबर २०२३ ला राजकोटावर वाजतगाजत ३५ फुटी पुतळा उभा केला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो आडवा. वर्षसुद्धा टिकला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तट समोर लाटा खात उभा आहे. २०२५ ला नवा पुतळा आला, त्याच वर्षी जुलैत युनेस्कोच्या यादीत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही गेले. आता पर्यटक आणखी वाढतील. वाढू देत.

पण माझा खरा राग वाड्यांवर आहे. गावागावांत जांभ्या चिऱ्याची मोठी घरं बंद पडलीत. वारसदार मुंबईत, नाहीतर परदेशात. काहींची आता ‘होम स्टे’ झालीत. लाकडी खांब, झोपाळा, माजघर, पितळी भांडी. पाहुणे खूश. माझ्याबरोबर गावातले एक म्हातारे गृहस्थ होते, आपल्याच वाडीतले. ते अंगणाच्या कडेलाच थांबले. आत या म्हटलं, तर हसून म्हणाले, “आमी खळ्याफुडे कदी गेलव नाय.” आता अडवणारं कुणी नव्हतं. माजघरात एक परगावचं कुटुंब पोहे खात बसलं होतं.

सगळेच वाडे खोतांचे नव्हेत. काही सावकारांचे, काही वतनदारांचे. पण मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि त्या जिल्ह्यात खोत म्हणजे गावचा राजा. सारा गोळा करणार तो, पिकाचं अर्धेल उचलणार तो, वेठीला बोलावणार तो. सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल आणलं. काँग्रेसच्या सरकारानं ते पुढं सरकू दिलं नाही. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. त्या झोपाळ्यावर बसून फोटो काढताना हे आठवा, मग खुशाल झोके घ्या.

आणि आपली घरं? ती कुठल्या यादीत नाहीत. कुडाची भिंत, मातीचा गिलावा, वर गवत नाहीतर झावळं, दर पावसाआधी शाकारणी. एक वर्ष शाकारलं नाही की घर बसलं. दुसऱ्या वर्षी जोतं, तिसऱ्या वर्षी जोत्यावर रान. दगड टिकतो, म्हणून दगडवाल्यांचा इतिहास होतो. ज्या ओट्यावर आजी बांबूच्या बेळांनी सुपं, रोवळ्या विणत बसायची, तिथं आता करवंदीची जाळी आहे. उर्मिला पवारांनी ‘आयदान’ लिहिलं, म्हणून तो विणणारा हात निदान पुस्तकात तरी उरला. डिसेंबर २०२० ला सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाटी बदलली, चांगलं झालं. जोत्यांवर पाटी कोण लावणार?

भावनेचं सोडा, रोकडं बोलतो. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, हायवे रुंद झाला, आणि किनाऱ्यालगतच्या जमिनीला भाव आला. दलाल फिरताहेत. १ एप्रिल १९५७ ला कायद्यानं कूळ मालक झालं खरं, पण ज्यांचं नाव कागदावर नव्हतं, ते कसत राहिले आणि कोरे राहिले. महारकी वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. जमिनी परत मिळाल्या त्या अटी घालून, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. तरी २०२५ ला पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या ४० एकरांवरून काय गदारोळ उठला, तो पेपरात वाचलाच असेल. पुण्यात डोळ्यांदेखत हे होतं, तर तुमच्या आजोबांच्या चार गुंठ्यांवर कोण पहारा देतोय?

तेव्हा येत्या मे महिन्यात मालवणला जाल तेव्हा किल्ला बघा, मासे खा, आणि एक दिवस वाडीसाठी ठेवा. वही न्या. जोतं कुणाचं, विहीर कुणी खणली, मसणवट कुठं, कोण कधी मुंबईला गेलं, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. ते फार दिवस नाहीत. तलाठ्याकडून सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. इतर हक्काच्या रकान्यात आज्याचं नाव आहे का बघा. मेलेल्या माणसाचंच नाव अजून चालू असेल, तर वारस नोंदीचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.