अ‍ॅस्टेरियनचा नकार

रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमच्या कथेत लैंगिक अत्याचार असावेत का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण ते सोसणारी व्यक्ती त्या कथेत पूर्ण माणूस म्हणून जगणार असेल, तरच.

‘बाल्डर्स गेट ३’ हा बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा २०२३ मधला गेम. त्यातला तुमचा एक सोबती, अ‍ॅस्टेरियन, हा व्हॅम्पायर आहे. काझादोर नावाच्या धन्याने दोनशे वर्षं त्याला गुलामीत ठेवलं आणि सावज भुलवून आणण्यासाठी त्याचं शरीर वापरलं. हे आपल्याला कळतं ते त्याच्याच तोंडून, हळूहळू. पुढे अराज नावाची रक्ताची व्यापारीण भेटते. अ‍ॅस्टेरियनने आपल्याला चावावं, ही तिची हौस. मोबदल्यात ती तुम्हाला एक औषध देऊ करते. ते प्यायलं की ताकद दोन गुणांनी वाढते, आणि तीही कायमची. अ‍ॅस्टेरियन ‘नको’ म्हणतो.

ज्यांनी असे गेम खेळलेत, त्यांना दोन गुण म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्यासाठी माणसं तासन्‌तास राबतात. आता तुम्ही त्याचा नकार मानायचा, की ‘एवढंसं तर आहे’ म्हणून गळ घालायची? गळ घातलीत तर तो ऐकतो. त्याने आयुष्यभर हेच केलेलं असतं, आणि या वेळी धन्याच्या जागी तुम्ही असता. सिनेमा पाहताना आपण दुसऱ्याच्या क्रौर्यावर संतापतो; इथे निवड आपली असते. एकही बीभत्स दृश्य न दाखवता संमतीबद्दल इतकं थेट बोलणारा प्रसंग मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेला नाही. अ‍ॅस्टेरियन साकारणाऱ्या नील न्यूबनला या भूमिकेसाठी त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

‘फॉलआउट: न्यू व्हेगास’मधली (२०१०) सैनिक बेट्सीही मला महत्त्वाची वाटते. तिच्यावरचा अत्याचार आपण पाहत नाही. बंदूक खांद्यावर घेऊन ती कामावर असते, आणि तिने डॉक्टरकडे जावं म्हणून तिचं मन वळवणं आपल्या हाती असतं. अत्याचार करणाऱ्याला मारण्याची कामगिरी आहेच, पण तिचं बरं होणं त्यावर अवलंबून ठेवलेलं नाही.

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) इथेच कमी पडतो. शहरी एल्फ म्हणून खेळलं, तर सुरुवातीलाच, नायकाच्या लग्नाच्या दिवशी, त्याच्या नात्यातल्या बहिणीला, शियानीला, उचलून नेतात. तिच्यावर बलात्कार होतो, नायक तलवार उपसतो आणि कथा त्याच्यासोबत निघून जाते. शियानी पुन्हा भेटते ती फार उशिरा. बहिणीवर अत्याचार आणि भावाचा सूड, हा साचा हिंदी सिनेमाने आपल्याला पुरेपूर दाखवला आहे.

खेळाडूलाच बलात्कारी करणाऱ्या गेमचा तर मी बचावच करणार नाही. असा एक गेम व्हॉल्व्ह कंपनीने २०१९ मध्ये ‘स्टीम’ या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानात येऊ दिला नाही, पण कारण दिलं ते खर्च आणि जोखमीचं. त्यांनी स्पष्ट म्हणायला हवं होतं की हे चूक आहे.

आणि एक मागणी. वेष्टनावरचा ‘१८’ हा आकडा फक्त वय सांगतो. स्वतः हे भोगलेल्या तिशीतल्या बाईला किंवा पुरुषाला तो काहीच सांगत नाही. गेम सुरू होतानाच, कथेत लैंगिक अत्याचाराचे संदर्भ आहेत, हे साध्या शब्दांत लिहा आणि तो भाग वगळून पुढे जाण्याची सोय ठेवा.