राजाला कात्री लावू नका

शेक्सपिअरची शोकांतिका बसवायला घेतली की पहिली कात्री राजावर चालते. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ असेल तर व्हेरोनाचा राजा एस्केलस जातो, ‘ऑथेल्लो’ असेल तर व्हेनिसचा ड्यूक जातो. स्पर्धेत वेळ मोजून मिळतो, नट कमी असतात, हे मला मान्य आहे. पण ही नड सिद्धान्ताच्या थाटात मांडली जाते, तेव्हा गप्प बसवत नाही. म्हणे, शोकांतिका नायकाच्या स्वभावातून घडते; राजा येतो, दोन निवाडे करतो आणि जातो; तो नसला तरी नाटकाचे काही अडत नाही.

या म्हणण्यामागे ए. सी. ब्रॅडली यांचे वजन आहे. १९०४ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने नायकाचा स्वभाव हा शोकांतिकेचा कणा ठरवला आणि आपल्या महाविद्यालयांत तीच शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मॅकबेथपुरती ती बरीचशी खरी आहे. पण एस्केलसला ती लावली की नाटकाचा अर्थच हातचा जातो.

एस्केलस मोजून तीनदा रंगमंचावर येतो: आरंभी, मध्यावर आणि शेवटी. तिन्ही वेळा भांडण पेटल्यावर. पहिल्या वेळी तो पुन्हा दंगा केलात तर जीव घेईन असे बजावतो. दंगा होतोच. टिबाल्ट मर्क्युशिओला मारतो, रोमिओ टिबाल्टला. मर्क्युशिओ राजाचा आप्त आहे आणि हे राजा स्वतःच बोलून दाखवतो. मग दिलेला शब्द मोडून तो फाशीऐवजी हद्दपारी सुनावतो आणि दोन्ही घराण्यांना जबर दंड ठोठावतो. पुढचे सारे या एका निवाड्यातून निघते. रोमिओ मांटुआला जातो म्हणून चिठ्ठी पाठवावी लागते. ती पोचत नाही, कारण साथीच्या संशयावरून नगराचे अधिकारी निरोप नेणाऱ्या साधूला घरात कोंडून दार बंद करतात. मांटुआत विष विकणाऱ्याला देहदंडाचा कायदा आहे, तरी उपाशी औषधविक्या ते विकतो. हे नाटक योगायोगांवर चालते असा आक्षेप नेहमी घेतला जातो. योगायोग म्हणून दाखवल्या जाणाऱ्या या जागा जरा निरखून पाहा. तिथे कुठे राजाज्ञा उभी आहे, कुठे अधिकारी, कुठे कायदा.

दुसरा पक्ष ई. एम. डब्ल्यू. टिलयार्ड यांच्या १९४३ च्या पुस्तकाच्या आधाराने बोलतो. त्या काळी विश्वाची एक ईश्वरी उतरंड मानली जात होती. राजा तिचे प्रतीक, म्हणून शेवटी येऊन तो घडी बसवतो. तसे असते तर एस्केलसने थडग्यापाशी उभे राहून फक्त निकाल दिला असता. तो तर आपणही तुमच्या वैराकडे काणाडोळा केला आणि त्यापायी दोन आप्त गमावले, असे भर नगरापुढे कबूल करतो. प्रतीकाला अपराध कबूल करावा लागत नाही, माणसाला लागतो. शेक्सपिअरने राजाला दुय्यम पात्र केले ते त्याचे महत्त्व कमी होते म्हणून नव्हे. सत्तेची ढिलाई प्रजेच्या घरात शिरून काय करते, हे त्याला प्रजेच्या घरातूनच दाखवायचे होते. राजाला मध्यभागी बसवले असते तर ते दिसले नसते.

‘ऑथेल्लो’त हे अधिक बारकाईने केले आहे. मध्यरात्री राजसभा भरली आहे. तुर्की आरमाराच्या बातम्या जुळत नाहीत: एका पत्रात १०७ गलबते, दुसऱ्यात १४०, तिसऱ्यात २००. तेवढ्यात ब्रबान्शिओ मुलगी पळवल्याची फिर्याद घेऊन येतो. आरोपी माझा मुलगा असला तरी कायद्याचा अर्थ तूच लाव, असा शब्द ड्यूक देतो. मग कळते की आरोपी ऑथेल्लो आहे, आणि सायप्रस वाचवायला तर त्याच्यावाचून दुसरा सेनापती नाही. ड्यूकचा सूर पालटतो. बापाच्या पदरात यमकांतली चार सुभाषिते पडतात. ब्रबान्शिओ तसल्याच यमकांत विचारतो, मग सायप्रसही तुर्कांना असेच हसतमुखाने द्यायचे काय? सभा उठता उठता तो जावयाला सांगतो, हिने बापाला फसवले, तुलाही फसवील. तिसऱ्या अंकात इयागो नेमके हेच उकरून काढतो आणि ऑथेल्लोच्या मनात संशय रुजतो.

डेस्डिमोनाने ऑथेल्लोला स्वखुशीने वरले होते, म्हणून निकाल योग्यच होता. पण तो न्याय म्हणून नव्हे, गरज म्हणून दिला गेला. बापाचे ऐकून घेऊन त्याचे समाधान कोणी केले नाही. ते साचलेले विष पुढे सायप्रसला पोचले.

आता कोणी म्हणेल, वेर्दीच्या १८८७ च्या ऑपेरात व्हेनिसचा पहिला अंक गाळूनही काय बिघडले? संगीताने ती पोकळी भरली हे खरे. पण तिथे मत्सर उरला आणि ऑथेल्लोला वापरून घेणारे राज्य गेले. उलट २००६ च्या ‘ओंकारा’त विशाल भारद्वाजने भाईसाबला ठेवले. त्याला निवडणुकीसाठी ओंकाराची गरज आहे. व्हेनिसची सभा उत्तर प्रदेशात अशी सहज रुळली.

आणि हे सारे विलायती म्हणून सोडून देता येत नाही. महाभारतात कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो आणि विराट राजा गप्प बसतो, कारण सेनापती असलेल्या मेहुण्यावरच त्याचे राज्य उभे आहे. शेक्सपिअर पचवलेल्या खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ लिहिताना ही जागा अचूक हेरली. प्रेक्षकांनी कीचकात कर्झनला पाहिले, तसा दुबळ्या विराटातही अर्थ वाचला. सरकारलाही तो समजला. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या आणि १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली. सत्ताधारी दुय्यम पात्र म्हणून आला की निरुपद्रवी होतो, असे त्या सरकारला तरी वाटले नाही.

नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद होती, बाहेर पोलिसांचा बंदोबस्त होता. धर्माच्या बाबतीत आपण तटस्थ, असे सांगणारे राज्यकर्ते शांतता राखत होते आणि त्या शांततेत दार बंदच राहत होते. एस्केलसचा काणाडोळा म्हणतात तो हा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, मंदिरप्रवेशाचा लढा थांबवायचा असेही तिथेच ठरले. आज त्या जागेला मुक्तिभूमी म्हणतात. व्हेरोनाची मुले थडग्यात गेली तेव्हा राजाला जाग आली. इथल्या माणसांनी राजा जागा होण्याची वाट पाहायचे नाकारले. म्हणून याला मी शोकांतिका म्हणत नाही. पण बाजूला उभी राहिलेली सत्ता निरपराध असते, हे येवल्याच्या प्रेक्षकाला पटवायला कोणी जाऊ नये.

तेव्हा दिग्दर्शकांनो, वेळ वाचवायचाच असेल तर ‘ऑथेल्लो’तले विदूषकाचे प्रवेश गाळा, ज्युलिएटच्या घरची वाजंत्रीवाल्यांची थट्टा गाळा. एस्केलसच्या तिन्ही प्रवेशांना हात लावू नका. ड्यूकची मध्यरात्रीची सभा गलबतांच्या आकड्यांसकट ठेवा, आणि ब्रबान्शिओ जावयाला बजावत असताना ड्यूकला पाठ फिरवून निघताना दाखवा.