शाळेतून निघालेला ट्रक

मी गोदीतला माणूस. ट्रक भरायचा, खाली करायचा, हे मला कळतं. पण अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा एक किस्सा वाचला नि डोकंच फिरलं. २००२ साली तिथल्या २० सरकारी शाळा चालवायला दिल्या ख्रिस व्हिटल नावाच्या शेठच्या एडिसन कंपनीला. त्याच वर्षी कंपनीचा शेअर गडगडला, पार एक डॉलरच्या खाली. शाळा उघडायला थोडे दिवस होते. ट्रक आले. पुस्तकं, कॉम्प्युटर, वाद्यं भरून चालते झाले. कंपनीला रोकड हवी होती. पोरं बहुतेक काळ्या गरिबांची.

शेठ बुडाला? छ्या! २०१२ ला मॅनहॅटनमध्ये पैसेवाल्यांची शाळा उभी केली, वर्षाची फी ४० हजार डॉलरच्या घरात. २०१५ ला तिथून बाहेर पडला. २०१९ ला वॉशिंग्टनमध्ये आणखी एक काढली, या वेळी स्वतःच्याच नावाची. जगभर तीसच्या वर शाखा काढणार होता म्हणे. भाडं थकलं, २०२२ ला टाळं लागलं.

कोणी म्हणेल, बड्यांची शाळा बुडाली, आपल्या बापाचं काय गेलं? अरे, त्यांची पोरं दुसऱ्या शाळेत फी भरून बसतील. पण गरिबांच्या शाळेत असा गोंधळ घालूनही याला नवं भांडवल मिळालंच ना? नफ्याच्या शाळेत पोरगं म्हणजे गिऱ्हाईक, नाहीतर माल.

आमच्या गोदीत साधी पेटी बाहेर काढायची तरी गेटपास लागतो. फिलाडेल्फियाच्या त्या पोरांची पुस्तकं उचलताना गेटवर कोण उभं होतं?