न परतलेल्या विमानांची माणसे

डिसेंबर महिना हा आपल्या समाजाच्या स्मरणाचा महिना. सहा तारखेला चैत्यभूमीवर जाण्यासाठी सोलापूर स्टेशनवर जी गर्दी उसळते, तिच्यात गिरणीत जन्म घालवलेले म्हातारे असतात, विड्या वळणाऱ्या मायबहिणी असतात, कडेवरची लेकरे असतात. आपण जातो, कारण बाबासाहेब कुठे गेले, कधी गेले, कोणत्या जागी त्यांच्या देहाला अग्नी दिला, हे आपल्याला ठाऊक आहे. जाण्यासाठी जागा आहे आणि डोके टेकवण्यासाठी दगड आहे. ज्यांच्या वाट्याला असा दगडच आला नाही, अशा माणसांविषयी आज लिहायचे आहे.

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध पेटले. त्या युद्धाच्या पहिल्याच दिवसांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हा मराठी नावाचा तरुण वैमानिक आपले सुखोई-७ विमान घेऊन शत्रूच्या शोरकोट रोड येथील विमानतळावर हल्ला करण्यास गेला. सुखोई-७ हे बॉम्ब टाकणारे लढाऊ विमान. आत एकच माणूस बसतो. विमान पाडले गेले आणि विजय तांबे परतले नाहीत. त्यांच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी.

त्याच दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. तीत 'टॉम्बे' असे एक नाव होते. नाव थोडे वाकडे छापले होते, पण घरच्यांना ते ओळखू आले. १६ डिसेंबरला युद्ध संपले. पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले आणि पुढे ते त्यांच्या देशी परत गेले. आपलेही युद्धकैदी परतले. त्यांच्यात विजय तांबे नव्हते.

असे एकटे तांबेच नव्हते. सैन्यातील आणि हवाई दलातील अशा ५४ जणांची यादी पुढे 'बेपत्ता ५४' म्हणून ओळखली जाऊ लागली. तीत कॅनबेरा या बॉम्बर विमानातील माणसेही आहेत. कॅनबेरात दोघे बसतात. एक विमान चालवणारा आणि दुसरा नकाशावरून मार्ग दाखवणारा. १९७९ साली सरकारने लोकसभेत चाळीस नावे सांगितली. १९८३ साली आणि पुन्हा २००७ साली काही नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. २००७ साली गेलेल्या चौदा जणांत दमयंतीताई होत्या. माणूस कोणाचाच सापडला नाही. असे कोणी आपल्याकडे नाही, असेच पाकिस्तान सांगत आले आहे. दमयंतीताईंनी पुन्हा लग्न केले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात खेळाच्या विभागात नोकरी केली आणि मंत्र्यांच्या, अधिकाऱ्यांच्या दारात एकच प्रश्न विचारत राहिल्या : माझा माणूस कुठे आहे?

किसा गोतमीची गोष्ट आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक आहे. मेलेले लेकरू उराशी धरून ती औषध मागत फिरली. ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरची मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. दारोदार हिंडल्यावर तिला मरण समजले आणि तिने लेकरू खाली ठेवले. पण लक्षात घ्या, गोतमीच्या हातात लेकरू होते. ते गेले हे डोळ्यांना दिसत होते. बेपत्ता सैनिकाच्या बायकोच्या हातात काय असते? एक तार आणि एक फोटो. तिने जलदान विधी कधी करायचा? केला तर जिवंत माणसाला मारल्याचे पाप वाटते, न केला तर दु:खाला शेवट नाही. म्हणून सत्य काय ते सांगणे हे सरकारचे पहिले कर्तव्य ठरते. पैसा, पदक, पेट्रोलपंप हे सगळे त्याच्या मागून येते.

आता दुसरी बाजू पाहा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बॉम्बर दलातले ५५,५७३ विमानसैनिक मारले गेले. लँकेस्टर नावाच्या मोठ्या विमानात सात जण बसत. विमान समुद्रात पडले की सातही जण एकदम नाहीसे होत. ना प्रेत, ना थडगे. अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळच्या रनीमीड येथे भिंतींवर कोरलेली आहेत. ते स्मारक १९५३ साली खुले झाले. अधिकारी असो की शेपटीकडच्या तोफेवर बसणारा साधा सार्जंट असो, प्रत्येकाचे नाव आहे. आई येते, नावावर बोट फिरवते, फूल ठेवते आणि घरी जाते. दगडाचे काम एवढेच असते, पण ते फार मोठे असते.

मात्र ही समता सर्वांच्या वाट्याला आली नाही. पहिल्या महायुद्धात इराकच्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे स्मारक बसरा येथे उभारले गेले. त्यातले बहुसंख्य हिंदी होते. तेथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरले. हिंदी अधिकाऱ्याचे नाव कोरले. हिंदी शिपायाच्या पलटणीचे नाव लिहिले आणि पुढे नुसता आकडा टाकला. ज्या इंग्रजी संस्थेने ही स्मारके बांधली तिनेच २०२१ साली चौकशी अहवाल काढून असा भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि माफी मागितली. त्या युद्धात साडेपाच लाखांहून अधिक हिंदी माणसे लढण्यासाठी नव्हे, तर ओझी वाहायला, रस्ते करायला, पाणी भरायला आणि झाडलोट करायला भरती केली होती. ही कामे करणारी माणसे कोणत्या वस्तीतून गेली असतील, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

जिवंतपणी ज्याला गावाबाहेर ठेवले, त्याला मेल्यावर आकड्यात ठेवले. नावाचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्या ४९ नावांत २२ नावे महार सैनिकांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि तेव्हापासून तो दगड आपल्याशी बोलू लागला. नावे कोरली होती म्हणून शंभर वर्षांनी ती वाचता आली. दिल्लीत २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतरच्या २५ हजारांहून अधिक शहिदांची नावे आहेत आणि शिपाई असो की अधिकारी, प्रत्येकाच्या नावाची पाटी वेगळी आहे. मुलांना घेऊन दिल्लीला गेलात तर लाल किल्ल्याबरोबर तेही दाखवा.

आता आपल्या घरातले बोलू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजा-पणजा पलटणीत होता असे सांगितले जाते. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, तेव्हाचे जवान आता उरले नाहीत. पण त्यांचे डिस्चार्ज बुक, एखादे पदक, पेन्शनचा जुना कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी पडलेला असतो. तो वाळवीच्या तोंडी देऊ नका. त्यावरचा नंबर, पलटण आणि गाव वहीत उतरवून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. विहारात एक नोंदवही ठेवा आणि तीत वस्तीतल्या प्रत्येक सैनिकाचे नाव लिहा. यासाठी खर्च लागत नाही, एक मॅट्रिक पास पोरगी हे काम करू शकते.

आणि बेपत्ता होणारे सगळेच काही युद्धावर गेलेले नसतात. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांत अशा बहिणी असतात, ज्यांचा नवरा कामाला म्हणून परगावी गेला तो आलाच नाही. "येईल आज ना उद्या" म्हणून त्या पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या नसतात. मुलाच्या दाखल्याला, घराच्या कागदाला, फंडाच्या पैशाला अडचण आली की मग धावाधाव. भगिनींनो, माणूस हरवला की ताबडतोब तक्रार नोंदवा आणि तिची प्रत मागून घ्या. ती देणे त्यांचे काम आहे. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही, तर तो मृत आहे असे कायदा धरून चालू शकतो, आणि त्यासाठी दिवाणी कोर्टात जाताना हीच तक्रार कामी येते. सरकारी नोकर असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सात वर्षे थांबावे लागत नाही, पण तक्रारीचा कागद तिथेही लागतोच.

तक्रार दिली म्हणजे आशा सोडली असे नव्हे. दमयंतीताईंनी आशा आणि अर्ज दोन्ही धरून ठेवले. ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्याविषयी विचारता येते. ज्याचे नाव कुठेच नाही, त्याला विसरणे राज्यकर्त्यांना फार सोपे जाते. यंदा सहा डिसेंबरला मेणबत्ती लावताना एक मेणबत्ती परत न आलेल्यांसाठीही लावा, आणि तुमच्या घरातले असे एखादे नाव असेल तर ते मुलांना मोठ्याने सांगा.

जयभीम.