आधी रक्त, मग इंजेक्शन

महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावात कुणाच्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: दवाखान्यात किती दिवस? उत्तर येतं, चार ते सहा आठवडे. तेही शिरेतून अँटिबायोटिक, बहुधा मुंबईत किंवा पुण्यात. घरातलं एक माणूस खाटेवर आणि दुसरं खाटेशेजारी. दोघांचीही मजुरी बंद.

ही मुदत अनुभवातून ठरत गेली. पेनिसिलिनपूर्वी हा आजार म्हणजे जवळजवळ मरणच. संगीतकार गुस्टाव माहलर 1911 मध्ये यानेच गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकस सापडला होता, पण त्यावर द्यायला कुणाकडे काही नव्हतं. ब्रुकलिनच्या लिओ लोव यांनी 1944 मध्ये मोठ्या मात्रेत, सलग पेनिसिलिन देऊन रुग्ण बरे करून दाखवले. त्या काळात थोडेच दिवस औषध मिळालेल्यांचा ताप उतरायचा आणि पुढे आजार उलटायचा. म्हणून दिवस वाढवत नेले.

आजार उलटतो त्यालाही कारण आहे. झडपेवर फायब्रिन आणि प्लेटलेटांची गाठ साचते, एका ग्रॅममागे अब्जावधी जंतू तिच्यात दडतात. गाठीत रक्तवाहिन्या नसल्याने पांढऱ्या पेशी पोचत नाहीत. आतले जंतू सुस्त पडलेले असतात आणि पेनिसिलिन मारतं ते वाढत्या जंतूंना. रुग्ण हिंडू-फिरू लागला तरी झडप स्वच्छ झालेली नसते.

मात्र सगळ्यांना सहा आठवडे लागत नाहीत. पेनिसिलिनला दबणारा स्ट्रेप्टोकॉकस स्वतःच्या झडपेवर असेल तर चार आठवडे पुरतात. निवडक रुग्णांत जोडीला जेंटामायसिन देऊन दोनही. स्टॅफिलोकॉकस डाव्या बाजूच्या झडपेवर असेल, किंवा झडप कृत्रिम असेल, तर सहा. शिवाय दिवस मोजायचे ते पहिल्या इंजेक्शनापासून नाही, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पहिल्यांदा जंतुमुक्त येते त्या दिवसापासून.

गोळ्यांचा मार्ग डेन्मार्कने दाखवला. तिथे 400 रुग्णांवर चाचणी झाली. प्रकृती स्थिर झालेल्या निम्म्या रुग्णांना, किमान दहा दिवस शिरेतून औषध दिल्यावर, उरलेले दिवस गोळ्या दिल्या. मृत्यू, आधी न ठरलेली हृदयशस्त्रक्रिया, रक्ताच्या गुठळीने झालेली इजा किंवा जंतू परतणं यांपैकी काही घडलं ते इंजेक्शनच्या गटात 12.1 टक्के रुग्णांत आणि गोळ्यांच्या गटात 9 टक्के. गोळ्या कमी पडल्या नाहीत. पण एकूण दिवस तेवढेच राहिले, शेवटचे फक्त घरी गेले. तुडीलच्या घराला तेवढंही मोठं आहे. ज्यांना सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक चालतं त्यांना तर दिवसातून एकच इंजेक्शन लागतं. पहिले धोक्याचे दोन आठवडे मोठ्या रुग्णालयात काढल्यावर ते महाडात, डॉक्टरांच्या नजरेखाली, का देऊ नये?

कारण जंतूचं नावच ठाऊक नसतं. आपल्याकडे खरी गाठ इथे बसली आहे. ताप आला की इंजेक्शन, उतरला नाही की दुसरं. रुग्ण हृदयरोगतज्ज्ञापर्यंत पोचतो तेव्हा रक्तातले जंतू दबलेले असतात, झडपेवरचे जिवंत असतात आणि कल्चर कोरं येतं. मग अंदाजाने, जास्त औषधं, जास्त दिवस; आणि कोणती गोळी चालेल ते सांगता येत नाही. घाईच्या एका सुईची किंमत त्या घराला आठवड्यांत मोजावी लागते.

महाडला पुराव्याने उपचार बदलायची परंपरा आहे. लाल विंचवाच्या दंशाने हृदय कोलमडून माणसं दगावत तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच परिसरात, खाटेशेजारी बसून, प्राझोसिनच्या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवला. 2011 मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या महाडच्या चाचणीत त्यांनी त्याच गोळीला प्रतिविषाची जोड दिली आणि रुग्ण अधिक लवकर सावरतात हेही मांडलं.

इथे लागणारी सोय त्याहून साधी आहे. ग्रामीण रुग्णालयात ब्लड कल्चरच्या बाटल्या हव्यात आणि त्या वेळेत प्रयोगशाळेत पोचवणारी गाडी हवी. लहानपणी सांधे धरून आलेल्या तापाने झडप बिघडलेल्या, किंवा झडप बदललेल्या, प्रत्येकाच्या केसपेपरवर ठळक लिहिलेलं असावं: ताप आल्यास अँटिबायोटिकआधी वेगवेगळ्या जागी टोचून तीनदा रक्त घ्यावे.