दुरून चालणारे यंत्र आणि जवळ उभा असलेला माणूस

“सर्व्हर डाऊन आहे, थोडे थांबा.” बँकेच्या, विम्याच्या, टपालाच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर बसणाऱ्या आपल्या सभासदाला हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारावे लागते याचा हिशोब कोणी ठेवत नाही. समोरच्या रांगेचा राग तोच झेलतो. तो सर्व्हर कोठे आहे, त्याच्याजवळ कोण उभे आहे, ते कोणाच्या नोकरीत आहे, हे मात्र खिडकीच्या अलीकडच्याला माहीत नसते आणि पलीकडच्यालाही नसते. आज आम्हाला लिहायचे आहे ते त्या जवळ उभ्या असलेल्या माणसाविषयी.

प्रथम काम काय आहे ते पाहू. सर्व्हर म्हणजे टेबलावरचा संगणक नव्हे. तो लोखंडी मांडणीत, म्हणजे रॅकमध्ये, खणाखणांनी बसवला जातो. रॅकची रुंदी जगभर एकच, 19 इंच. उंची मोजण्याचे एकक पावणेदोन इंचांचे, आणि पूर्ण उंचीच्या रॅकमध्ये असे साधारण 42 खण असतात. एका खणाचा सर्व्हर 20 किलोच्या आसपास भरतो; दोन खणांचा, डिस्कांनी भरलेला, 30 किलोच्या घरात जातो. खोक्यावर उत्पादकानेच दोन माणसांनी उचलण्याचे चित्र छापलेले असते. आधी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या समपातळीत बसवायच्या, जड यंत्रे खाली घ्यायची, एका वेळी एकच यंत्र बाहेर ओढायचे, नाहीतर अख्खा रॅक अंगावर येतो. मग वीजपुरवठ्याच्या दोन वायरी दोन वेगवेगळ्या लाइनींवर टाकायच्या, जाळ्याच्या केबली जोडायच्या, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची. चिठ्ठी चुकली तर दोन वर्षांनी कोणीतरी भलतीच केबल उपटतो.

या केबलींत एक वेगळी केबल असते, आणि सारा प्रश्न तिच्यापासून सुरू होतो. सर्व्हरच्या आत मुख्य संगणकाखेरीज एक लहान स्वतंत्र संगणक असतो. वेगवेगळ्या कंपन्या त्याला आयलो, आयड्रॅक अशी नावे देतात. आपण त्याला व्यवस्थापन-कार्ड म्हणू. 1998 साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी मिळून आयपीएमआय नावाचे समान मानक जाहीर केले, तेव्हापासून या कार्डाचा प्रसार झाला. मुख्य यंत्र बंद असले तरी वायर भिंतीत आहे तोवर हे कार्ड जागे असते. त्यातून हजार किलोमीटरवर बसलेला माणूस यंत्र चालू करतो, बंद करतो, त्याचा पडदा आपल्या पडद्यावर पाहतो, नवी कार्यप्रणाली चढवतो, आतले तापमान वाचतो. हवे तर यंत्राचा निळा दिवा लावून जागेवरच्या माणसाला “हेच ते” असे दाखवतोही.

ही सोय वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यातल्या रात्री दोन वाजता केवळ एक बटण दाबण्यासाठी कोणाला घरून उठून यावे लागत नाही, हे कामगाराच्याही हिताचेच आहे. आमचा आक्षेप आहे तो त्यातून व्यवस्थापनाने काढलेल्या निष्कर्षाला. या पद्धतीला इंग्रजीत ‘दिवे मालवलेला कक्ष’ अशा अर्थाचे नाव पडले. दिवे मालवले म्हणजे आत माणूस नको. माणूस नको म्हणजे कायम जागाही नको. प्रत्यक्षात माणूस गेला नाही. नियमित कर्मचारी गेला आणि त्याच्या जागी कंत्राटदाराचा ‘हात’ आला. या धंद्यात जागेवरच्या कामाला ‘रिमोट हँड्स’ म्हणजे दूरचे हात असेच म्हणतात. डोके एका शहरात, हात दुसऱ्या शहरात, आणि हातांना तासाचा दर.

माणूस किती लागतो हे संकटाच्या दिवशी कळते. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. नेहमीचे जाळे कोसळलेच, पण अशा वेळेसाठी राखलेला दूर-व्यवस्थापनाचा वेगळा मार्गही चालेना. शेवटी कंपनीला अभियंते प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, आणि कडेकोट बंदोबस्तामुळे आत शिरून यंत्रांना हात लावायलाही वेळ लागला. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष सुधारणेने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख विंडोज यंत्रे ठप्प झाली. ज्या सर्व्हरांना व्यवस्थापन-कार्ड नीट जोडलेले होते ते दुरून सावरता आले. बाकी यंत्रांपाशी माणसाला एकेक करून जावे लागले. जळकी डिस्क बदलणे, सैल केबल बसवणे, पंख्याच्या आवाजातला फरक ओळखणे, ही कामे कोणत्याही कार्डाला येत नाहीत.

आता आमच्या समोर आलेले एक प्रकरण सांगतो. संस्थेचे नाव देत नाही, कारण तडजोडीची बोलणी पूर्ण झालेली नाहीत. नवी मुंबईतील एका सर्व्हर कक्षात नांदेडकडचा, आयटीआय झालेला एक तरुण कंत्राटदारामार्फत दुपारच्या पाळीत काम करत होता. एके सकाळी राखीव ठेवलेला एक सर्व्हर बंद आढळला. पर्यवेक्षकाने नऊच्या सुमारास स्वतः बटण दाबून तो चालू केला. चौकशीत यंत्राची नोंदवही काढली, तर बंद होण्याची वेळ रात्री 8 वाजून 40 मिनिटे. त्या वेळी कक्षात कोण होते? प्रवेशवहीत या तरुणाची सही. “तूच धक्का मारला असशील किंवा वायर काढली असशील,” असे म्हणून कंत्राटदाराने त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितले. लेखी काही नाही.

तो युनियनच्या कार्यालयात आला तेव्हा, खरे सांगायचे तर, आम्हालाही यंत्राच्या नोंदीपुढे काय बोलावे ते सुचेना. यंत्र खोटे कशाला बोलेल? पण आपल्या एका जाणत्या साथीने ती नोंद पुन्हा मागवली आणि खालची ओळ वाचली. सर्व्हर पुन्हा चालू झाल्याची वेळ पहाटे 3 वाजून 35 मिनिटे दिली होती. पर्यवेक्षक तर सकाळी 9 वाजून 5 मिनिटांनी बटण दाबल्याचे स्वतः लिहून देत होता! फरक बरोबर साडेपाच तासांचा. कार्डाचे घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलेच नव्हते. ते यूटीसी या जागतिक वेळेवर चालत होते. म्हणजे सर्व्हर बंद झाला तो रात्री 8.40 ला नव्हे, तर त्यानंतर साडेपाच तासांनी, मध्यरात्रीनंतर 2 वाजून 10 मिनिटांनी. त्या वेळी कक्षाला कुलूप होते आणि हा तरुण खोलीवर झोपला होता.

पुढे तपशीलवार नोंद मिळाली. बंद करण्याचा आदेश दुसऱ्या शहरातील सेवा-केंद्राच्या पत्त्यावरून आला होता. बहुधा शेजारच्या यंत्रासाठीचा आदेश चुकून याला दिला गेला. तो कोणी दिला? नोंदीत नाव एकच, ‘अ‍ॅडमिन’, आणि त्या एका नावाने, एकाच पासवर्डने, तिन्ही पाळ्यांतील अकरा माणसे काम करत होती. त्यांपैकी कोणाला फासावर चढवा असे आम्ही म्हटले नाही, म्हणणारही नाही. रात्रपाळीत शेकडो यंत्रे सांभाळणारा तोही आपल्यासारखाच कामगार आहे. तरुणाला एकोणीस दिवसांनी कामावर घेतले. त्या एकोणीस दिवसांच्या पगारावर वाद अजून चालू आहे.

या प्रकरणाने आम्हाला जे शिकवले ते असे: ज्याच्या हाती दूरची किल्ली आहे त्याचे नाव कागदावर नाही, आणि ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्या हाती काहीच नाही. जबाबदारी मात्र जवळ उभा असलेल्यावर येते, कारण तोच दिसतो. म्हणून घड्याळ कोणत्या वेळेवर लावले आहे, प्रत्येकाला वेगळे नाव आणि पासवर्ड आहे की नाही, नोंदी किती दिवस जपल्या जातात, हे केवळ तंत्रज्ञांचे प्रश्न नाहीत. ते सेवाशर्तींचे प्रश्न आहेत. ग्राहकांचेही आहेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे आणि व्यवस्थापनाची केबल सर्वसाधारण जाळ्यात जोडणे, या दोन चुकांनी परक्यांसाठीही दार उघडे राहते. जुन्या आयपीएमआय मानकातले गंभीर दोष 2013 पासून जगजाहीर आहेत. तरीही घाई आणि कमी माणसे यांमुळे या चुका होतच राहतात.

दुसरा प्रश्न जिवाचा. वीज मंडळातील आपल्या वायरमन साथींना ‘लाइन क्लिअर’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. खांबावर माणूस असताना खालून कोणी लाइन चालू करू नये म्हणून ती परवानगी. सर्व्हर उघडून आत हात घातलेल्या माणसाला मात्र असे संरक्षण बहुतेक ठिकाणी नाही. पडद्यावर ‘बंद’ दिसणारे यंत्र दुरून केव्हाही चालू होऊ शकते. दोन्ही वायरी काढल्याखेरीज आत हात नाही आणि दूरच्या केंद्राने लेखी ‘क्लिअर’ दिल्याखेरीज काम नाही, हा नियम हवा. सर्व्हरांसाठी राखीव वीज देणाऱ्या बॅटऱ्यांचेही तसेच. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याच्या कामात आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्याची बातमी जगभर झाली. भाजलेल्या कामगाराची बातमी एका ओळीत संपली.

कायद्याचे काय? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, 2020 हिने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्यात संस्थेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे, पण अपवाद ठेवून. पूर्वी 20 कंत्राटी कामगारांवर लागू होणाऱ्या तरतुदी आता 50 वर लागू होतात, आणि आवारातील मालाची चढ-उतार सर्वसाधारणपणे मुख्य कामात मोडत नाही. सर्व्हर कक्षात माणसे असतात चार-सहा. उद्या व्यवस्थापन म्हणेल, ही तर नुसती चढ-उतार! ओझे वाहणाऱ्याचा अवमान आम्हाला करायचा नाही. त्यालाही संरक्षण देता येते हे महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने दाखवले आहे. पण ज्या यंत्रावाचून संस्थेची एक पावतीही फाटत नाही, ते बसवणे आणि जिवंत ठेवणे हे मुख्य काम नसेल तर मुख्य काम कोणते, एवढेच आम्ही विचारतो.

संगणक म्हटला की युनियनवाले आडवे येतात, असा जुना टोमणा आहे. इतिहास इतका सोपा नाही. विमा कर्मचाऱ्यांनी 1960 च्या दशकात कोलकात्यात संगणकाविरुद्ध दिलेला लढा आपल्याला ठाऊक आहे. पुढे वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वयंचलनाच्या प्रश्नाचा अभ्यास करून 1972 साली अहवाल दिला. बँकांत 1983 आणि 1993 साली द्विपक्षीय करार झाले, आणि यंत्रे कोणत्या मर्यादेत येतील, ती चालवणाऱ्याला कोणता विशेष भत्ता मिळेल, हे टेबलावर बसून ठरले. म्हणजे आपण यंत्राला अट घातली आणि अटीसह ते स्वीकारले. व्यवस्थापन-कार्ड मात्र कोणत्याही करारातून न जाता, एका वेगळ्या केबलीने गुपचूप आत आले. आपणही त्याकडे तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहिले. ही चूक आपली आहे.

तेव्हा पुढच्या मागणीपत्रात प्रत्येक घटक युनियनने या मागण्या घालाव्यात असे आम्ही सुचवतो. दूर-व्यवस्थापनात प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र नाव व पासवर्ड असावा. सामायिक ‘अ‍ॅडमिन’ बंद व्हावा. सर्व यंत्रांची घड्याळे जुळवलेली असावीत आणि नोंदीवर कोणती वेळ आहे ते स्पष्ट लिहावे. चौकशीत कामगाराला आणि त्याच्या प्रतिनिधीला संपूर्ण नोंद मिळावी. ती मिळेपर्यंत कोणालाही कामावरून दूर करू नये, कंत्राटी असला तरी. यंत्र उघडण्यापूर्वी लेखी ‘क्लिअर’ असावा. जड यंत्र एकट्याने उचलायला लावू नये आणि रात्री कक्षात एकटा माणूस ठेवू नये. आणि सर्व्हर कक्षातील काम हे मुख्य काम मानून ते करणाऱ्यांना कायम करावे.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जेथे जेथे हे पान वाचले जाते तेथील साथींना आमची एक विनंती आहे. आपल्या संस्थेचा सर्व्हर कोठे आहे ते शोधून काढा. तेथे कामाला असलेल्या माणसाला भेटा, त्याचे नाव विचारा आणि त्याला सभासदत्वाचा अर्ज द्या. त्याचा कंत्राटदार वेगळा असेल, ओळखपत्राचा रंगही वेगळा असेल. पण खिडकीवर “थोडे थांबा” म्हणून शिव्या खाणारा आणि त्याच वेळी रॅकमागे वाकून सैल केबल शोधणारा, हे दोघे एकाच कामाची दोन टोके आहेत. केबलीप्रमाणे येथेही दोन्ही टोकांना एकच चिठ्ठी लावली पाहिजे.