एक खेळाडू, अनेक संघ

पूर्वीं मूल खेळतें कीं नाहीं, एवढेंच घरांत विचारलें जाई. आज बहुतेक सुशिक्षित घरांतून तो प्रश्न मागें पडला आहे. मुलगा फुटबॉल खेळतो, मुलगीहि खेळते आणि घरांतील वडील मंडळी हौसेनें सामने पाहावयास जातात. आतां निराळाच प्रश्न पुढें आला आहे. एकाच मुलानें एकाच हंगामांत किती संघांतून खेळावें? शाळेचा संघ असतोच. क्लबाचा संघ असतो. आणि दुसऱ्या एखाद्या क्लबाला रविवारच्या सामन्यासाठीं गडी कमी पडतो म्हणून तेथूनहि बोलावणें येतें. मुलाला नाहीं म्हणवत नाहीं आणि आईबापांना संधि दवडवत नाहीं. या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं या महिन्यांत योजिलें आहे.

हा प्रश्न विशेष तीव्र झालेला दिसतो तो अमेरिकेंत. आणि तेथें स्थायिक झालेल्या आमच्या मराठी कुटुंबांना तो अपरिचित नाहीं. तिकडे या खेळास 'सॉकर' म्हणतात. शाळेचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, क्लबाचा मात्र जवळजवळ वर्षभराचा. क्लब बहुधा पालकांच्या वर्गणीवर चालतात. याशिवाय राज्याचे निवडक संघ असतात ते वेगळेच. अमेरिकेच्या सॉकर महासंघानें २००७ सालीं होतकरू मुलांसाठीं 'डेव्हलपमेंट अकॅडमी' नांवाची योजना काढली, आणि २०१२ पासून तिचा हंगाम दहा महिन्यांचा करून तींतील बहुतेक मुलांना शाळेच्या संघांतून खेळण्यास मज्जाव केला. शाळासोबत्यांबरोबर खेळण्याचा आनंद घ्यावा कीं वरची पायरी चढावी, ही निवड पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर येऊन पडली. ती योजना २०२० सालीं बंद झाली. पण तो पेंच सुटला असें म्हणतां येत नाहीं.

याबाबत कांहीं नियम आहे कीं नाहीं, असें वाचक विचारतील. नियम आहे. फुटबॉलची जागतिक संस्था जी फिफा, तिच्या नियमावलीप्रमाणें खेळाडूची नोंद एका वेळीं एकाच क्लबाकडे असावी लागते. एका हंगामांत फार तर तीन क्लबांकडे ती नोंद फिरूं शकते, आणि त्यांपैकीं, सामान्यतः, दोनच क्लबांतर्फे त्याला अधिकृत सामने खेळतां येतात. परंतु हा नियम मुख्यतः क्लबाक्लबांतील तंटे टळावेत आणि स्पर्धा सचोटीनें व्हाव्यात यासाठीं आहे. शाळेचा संघ, सुटींतील शिबिर, खाजगी शिकवणी यांची गणना त्या नोंदवहींत होत नाहीं. आणि मुलांच्या स्पर्धा चालविणाऱ्या संस्थांचे नियमहि ठिकठिकाणीं वेगळे असतात. म्हणून कागदावर एकाच क्लबाचा असलेला मुलगा प्रत्यक्षांत तीन मैदानांवर धांवत असूं शकतो. नोंदवही क्लबाचें हित पाहते. मुलाचें हित पाहण्याचें काम तिच्याकडे नाहीं.

दोन संघांतून खेळणाऱ्या मुलांची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. मोठ्या क्लबांत निवड झालेलें मूल पुष्कळदां राखीव म्हणून बाजूला बसून राहतें. चौदा वर्षांच्या मुलानें रविवारमागून रविवार दुसऱ्यांचा खेळ पाहत बसावें, यांत त्याचें शिक्षण थोडें आणि हिरमोड फार. अशा मुलाला लहान संघांत पुरा वेळ खेळावयास मिळालें, तर त्याचा हात—किंवा पाय म्हणा—बसतो. एके ठिकाणीं बचावाला असलेला मुलगा दुसरीकडे आघाडीला खेळतो आणि खेळाकडे दोन्हीं बाजूंनीं पाहावयास शिकतो. शाळेच्या संघांत त्याचे रोजचे मित्र असतात, त्यांचा सहवास कोणत्याहि क्लबाला देतां येणार नाहीं. तेव्हां दुसरा संघ म्हणजे केवळ लोभ, असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

तथापि मुलाचें शरीर एकच असतें, ही गोष्ट या सर्व उत्साहांत विसरली जाते. वाढत्या हाडांच्या टोकांशीं कोवळा भाग असतो. वाढीच्या भरांत हाडें झपाट्यानें लांबतात आणि स्नायू व त्यांच्या दोऱ्या ताणलेल्या राहतात. त्या दोऱ्या जेथें हाडाला जडलेल्या असतात, तेथें धांवण्याचा, उड्यांचा व चेंडू मारण्याचा ताण पुनःपुन्हां पडतो. गुडघ्याखालीं उंचवटा येऊन तो दुखूं लागतो. या विकाराचें वर्णन १९०३ सालीं बॉस्टनचे डॉ. ऑसगुड आणि झुरिकचे डॉ. श्लाटर यांनीं स्वतंत्रपणें केलें, आणि त्या दोघांच्या नांवानेंच तो आज ओळखला जातो. टांचेच्या अशाच दुखण्याला १९१२ सालीं त्याचें वर्णन करणाऱ्या डॉ. सेव्हर यांचें नांव आहे. हीं दुखणीं बहुधा विश्रांतीनें बरीं होतात. पण एका प्रशिक्षकानें दिलेली विश्रांति दुसऱ्या संघाच्या सरावांत खर्च झाली, तर ती विश्रांति कसली? वयांत आलेल्या मुलींच्या बाबतींत तर गुडघ्याच्या आंतील बंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षां अधिक असतो, म्हणून त्यांच्या थकव्याकडे विशेष लक्ष हवें.

अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २००७ सालीं स्पष्ट सल्ला दिला, कीं एका हंगामांत मुलानें एकाच संघांतून खेळावें. आणि निवडक संघांतहि तें असेल, तर तेथील वेळ एकूण हिशेबांत धरावा. आठवड्यांतून एक-दोन दिवस पूर्ण सुटी असावी, असेंहि तिनें सांगितलें. २०१६ च्या निवेदनांत तिनें वर्षांतून एकंदर तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनीं, त्या खेळापासून विसांवा सुचविला आहे. डॉ. नीरू जयंती व त्यांचे सहकारी यांनीं हजारांहून अधिक बालखेळाडूंची पाहणी करून २०१५ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यावरून घरांत सहज लक्षांत राहील असा एक आडाखा निघतो: आठवड्यांतील शिस्तबद्ध खेळाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक होऊं नयेत.

या आडाख्यानें एका बारा वर्षांच्या मुलाचा आठवडा मोजून पाहूं. क्लबाचे तीन सराव व एक सामना, प्रत्येकीं दीड तास, म्हणजे सहा तास. शाळेचा सराव चार दिवस एकेक तास, म्हणजे चार. दुसऱ्या क्लबाचे दोन सराव व एक सामना, म्हणजे साडेचार. बेरीज साडेचौदा. यांतील कोणत्याहि प्रशिक्षकास दोष देतां येणार नाहीं. प्रत्येकाची मागणी आपापल्या परीनें माफकच आहे. एकाच पेटींतून तिघांनीं एकमेकांस न विचारतां पैसे काढावे, तसा हा प्रकार आहे. काढणाऱ्यांची रक्कम लहान असते. पेटी मात्र रिकामी होते.

शरीराइतकीच चिंता आम्हांस मुलाच्या सचोटीची वाटते. दोन सामने एकाच सकाळीं आले, कीं एका संघाला नकार द्यावाच लागतो. तेथें खरें कारण न सांगतां 'ताप आला आहे' असा निरोप धाडला जातो, आणि पुष्कळदां तो आईबापांच्याच तोंडून जातो. संघाचा खेळ म्हणजे दहा जणांनीं अकराव्यावर टाकलेला विश्वास. कोल्हापुरांत फुटबॉलचे संघ पेठांच्या व तालमींच्या नांवानें उभे राहतात. तेथें संघाशीं असलेलें नातें म्हणजे काय, हें कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. तो विश्वास सांभाळणें हेंच जर मूल शिकलें नाहीं, तर खेळांत मिळविलेल्या ढाली घरांत ठेवून काय उपयोग?

यावर उपाय फारसा कठीण नाहीं. हंगामाच्या आरंभींच मुलाला जवळ बसवून त्याचा मुख्य संघ कोणता तें त्याच्या संमतीनें ठरवावें. दुसऱ्या संघांत जावयाचें झाल्यास दोन्हीं प्रशिक्षकांना तें आधीं कळवावें. लपवून ठेवावा लागतो तो संघ स्वीकारूंच नये. सर्व सराव व सामने एकाच दिनदर्शिकेवर लिहावे आणि आठवड्याची बेरीज करण्याचें काम घरांतील एका वडील माणसानें पत्करावें. आजोबांना सवड असेल तर त्यांच्याहून चांगला हिशेबनीस मिळणार नाहीं. सुटीचा दिवस आधीं आंखावा, सामने मागून. गुडघा किंवा टांच आठवडाभर दुखत राहिल्यास, अगर मूल लंगडत घरीं आल्यास, दोन्हीं संघ बंद ठेवून डॉक्टरांकडे जावें. आणि नकार देण्याची वेळ आलीच, तर तो मुलानें स्वतः व खरेपणानें द्यावा. वडिलांनीं फक्त पाठीशीं उभें राहावें.

एकत्र कुटुंबांत प्रत्येक माणसाच्या शक्तीप्रमाणें काम वांटून दिलें जातें, आणि कोणावर किती भार पडला याकडे घरांतील वडीलधाऱ्यांचें लक्ष असतें. तेंच लक्ष मैदानावर जाणाऱ्या मुलाकडे पुरवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे. मुलाला बोलावणारे पुष्कळ असतात. आज घरीं राहा, असें सांगणारें माणूस घरांतलेंच असावें लागतें.